गुरुवारनंतर शनिवार

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे मालक, आदरणीय ठाकुरदासशेठ; व्यासपीठाची शोभा वाढवणाऱ्या, पॅकिंग खात्यातल्या सगळ्यांत जुन्या, आपल्या भागीरथीमावशी; ज्यांच्यासाठी आपण सुट्टीचा शुक्रवार मोडून अंबरनाथच्या या हॉलमध्ये जमलो, त्या सत्कारमूर्ती संध्याताई रोकडे; त्यांची कन्या शलाका, जावईबापू, आणि शलाकाच्या मांडीवर झोपलेले आजचे सर्वांत लहान निमंत्रित; कुळगावातून, जांभूळहून, उल्हासनगरच्या पाचही कॅम्पांतून वेळ काढून आलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार आणि जय भीम.

मी शरदचंद्र दुर्वे. मेंटेनन्स. पंखा बंद पडला की ज्याच्या नावाने शिव्या सुरू होतात, तो मीच. सूत्रसंचालक प्रज्वल यांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. प्रज्वल, बाळा, मी पाच मिनिटांत बसणार नाही हे आत्ताच सांगून ठेवतो. मध्ये चिठ्ठ्या पाठवू नकोस, मी वाचणार नाही. माझा चष्मा लांबचा आहे.

माझ्या बायकोने भाषण लिहून दिलं आहे. चांगलं लिहिलं आहे. 'कर्तव्यदक्ष', 'मनमिळाऊ', 'हसतमुख' असे सगळे शब्द त्यात आहेत, आणि ताईंच्या बाबतीत ते खरेही आहेत. पण गेले तीन आठवडे माझं डोकं ठिकाणावर नाही. काय आधी सांगावं आणि काय मागून, तेच मला उमगत नाही. म्हणून तो कागद खिशातच राहू द्या. जसं येईल तसं बोलतो, तुम्ही सांभाळून घ्या.

संध्याताई या कंपनीत एकोणतीस वर्षांपूर्वी आल्या. आपण कापडाचे रंग बनवतो, हे जावईबापूंसाठी सांगतो. रंग शिजताना भांडं तापतं आणि ते थंड ठेवायला पाणी लागतं. पाणी संपलं की रंग बिघडलाच म्हणून समजा. म्हणून मागच्या आवारात बारा फुटांची मोठी टाकी आहे. त्या टाकीवर सव्वीस वर्षं संध्याताई होत्या. सकाळी सातला, अकराला, दुपारी तीनला आणि संध्याकाळी सातला त्या काचेच्या नळीत बघून किती फूट पाणी आहे ते रजिस्टरमध्ये लिहायच्या. संध्याकाळी प्लांट बंद झाला की खालचा मोठा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि मग बदलापूरला घरी जायचं. सव्वीस वर्षं! त्यांचं अक्षर बघा एकदा. माझ्या मुलीच्या प्रबंधातही इतके स्वच्छ आकडे नव्हते.

मग मला सांगा, अशा बाईने शेवटची अडीच वर्षं पॅकिंगमध्ये डब्यांवर लेबलं का चिकटवली?

पुढच्या रांगा एकमेकांकडे बघतायत. म्हणजे जुन्या लोकांना ठाऊक आहे. नव्या मुलांना मात्र ठाऊक नाही. मीही ठरवलं होतं की आज हा विषय काढायचा नाही, निरोपाच्या दिवशी कशाला. पण माझ्या पोटात राहत नाही हो. काढतोच.

त्याआधी मला थोडं कॉम्प्युटरचं सांगावं लागेल. कंटाळू नका, जेवण तयार व्हायला अजून वेळ आहे, मी आचाऱ्याला विचारून आलोय.

चार वर्षांपूर्वी शेठ म्हणाले, "दुर्वे, हर जगह ग्राफ होता है, अपने यहां रजिस्टर क्यूं?" मी पन्नाशीत व्हिडिओ बघून बघून प्रोग्रॅम लिहायला शिकलो. टाकीच्या पाण्याची रेघ काढायची होती. आता रेघ काढायची म्हणजे काय? कॉम्प्युटरला फूट कळत नाही, वार कळत नाही. त्याला फक्त ठिपके कळतात. डावीकडून इतके ठिपके, वरून इतके ठिपके, तिथे टिंब दे. सगळी टिंबं जोडली की रेघ. म्हणजे माणसाने त्याला सांगायचं की बाबा रे, नऊ फूट पाणी म्हणजे तुझे किती ठिपके, आणि मंगळवार सकाळचे अकरा म्हणजे तुझे किती ठिपके.

फुटांचं गणित सोपं. पडदा चारशे ठिपके उंच, टाकी बारा फूट. तीन फुटांना शंभर ठिपके. झालं! मी लिहिलं, चालवलं आणि शेठना अभिमानाने दाखवायला नेलं. शेठ खूश. "अरे वा, पानी तो बढ़ता ही जा रहा है!" मी बघतो तर काय, दुपारी पाणी वापरलं की रेघ वर चढतेय आणि टाकी भरली की खाली पडतेय. कॉम्प्युटर वरून खाली मोजतो, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याचं शून्य छताला असतं. मग चारशेतून वजा करायचं, तेव्हा टाकी सरळ उभी राहते. त्या दिवशी संध्याताई इतक्या हसल्या होत्या की त्यांना ठसका लागला. ताई, आठवतंय ना? आठवतंय. बघा, मान हलवतायत.

ही चूक मला लगेच दिसली. उलटी टाकी कुणालाही दिसते. दुसरी चूक मात्र सुंदर दिसत होती, म्हणून ती कुणालाच दिसली नाही.

ती होती आडव्या बाजूची. पहिल्यांदा मी वेळेप्रमाणे टिंबं दिली होती. तासाला इतके ठिपके, दिवसाला इतके. अगदी बरोबर. पण आपल्याकडे शुक्रवारी कंपनी बंद. शुक्रवारच्या नोंदी दोनच असायच्या, सकाळची आणि संध्याकाळची. त्यामुळे दर आठवड्याला रेघेत एक लांबलचक मोकळी जागा यायची. शेठनी बघितलं आणि म्हणाले, "ये बीच बीच में खाली क्यूं है साईं? अच्छा नहीं लगता. निकालो." शेठ, मी तुमच्यावर ढकलत नाहीये. मलाही ते ओंगळ वाटत होतं. माझ्या हौसेनेच मी काढलं.

काढलं म्हणजे काय केलं? एक ओळ लिहिली, शुक्रवार असेल तर ती नोंद सोडून दे. आणि वेळेचा हिशेबच काढून टाकला. पहिली नोंद पहिल्या जागी, दुसरी तिच्या शेजारी, तिसरी तिच्या शेजारी, सगळ्यांत सारखं अंतर. मधे चार तास गेले काय किंवा छत्तीस तास गेले काय, सगळे शेजारी शेजारी. खाली तारखा मावत नव्हत्या, त्याही काढल्या. नुसतं सात, अकरा, तीन, सात. काय सुबक रेघ आली म्हणून सांगू! मी प्रिंट काढून कपाटावर चिकटवली.

आणि आपल्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही की गुरुवारनंतर एकदम शनिवार कसा. कारण आपण बोलतोही तसंच ना? शनिवारी सकाळी आपण म्हणतो, "कालचा माल कुठे ठेवला?" काल म्हणजे गुरुवार. बाहेरच्या माणसाला वेड लागेल. माझा मेहुणा एकदा आला होता, तो म्हणाला तुमच्या कंपनीत आठवडा सहा दिवसांचा आहे का? मी म्हटलं, हो.

आता अडीच वर्षांपूर्वीचा तो शनिवार. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. सकाळी सातला संध्याताई टाकीवर गेल्या. नळीत पाणी तीन फूट. गुरुवारी संध्याकाळी त्या गेल्या तेव्हा दहा होतं. रजिस्टरमधले वरचे आकडे न बघताच तीन लिहून त्या तशाच माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "साहेब, टाकीत तीनच फूट आहे, भांडं चढवू नका." आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "येईल हो लाइनीला पाणी, चालू करा." टाकी भरणारी लाइन आदल्या दिवसापासून दुरुस्तीसाठी बंद होती, ती दहापर्यंत येईल असं मला वाटलं. आली दुपारी दोनला. साडेदहाला टाकी कोरडी. निळा रंग शिजत होता, त्याचा काळा चिखल झाला. सगळा माल टाकून द्यावा लागला.

हे माझं 'चालू करा' मी त्या दिवशी मीटिंगमध्ये सांगितलं नाही. आज सांगतो. अडीच वर्षं उशीर झाला.

मीटिंग दुपारी तीनला झाली. मी ग्राफची ताजी प्रिंट नेली होती. रजिस्टर माझ्या टेबलावरच होतं, आकडे टाइप करायला आणलेलं, पण भिंतीवर एवढी ठळक रेघ असताना रजिस्टर कोण उघडतो? रेघ बघा, दर रात्री एक फूट खाली येते. जुने पाइप, थेंब थेंब गळतात, ते सगळ्यांना ठाऊक होतं. एक फूट, एक फूट, एक फूट, आणि त्या रात्री एकदम सात फूट. कडाच. शेठनी विचारलं, "कल शाम को वाल्व किसने बंद किया था?" ताई म्हणाल्या, "मी." "पक्का बंद किया था?" त्या म्हणाल्या, "केला होता." मग मी, या शरदचंद्राने, बोट ठेवून दाखवलं. म्हटलं, "ताई, बाकीच्या रात्री बघा आणि ही रात्र बघा. व्हॉल्व्ह थोडा तरी उघडा राहिल्याशिवाय असं होईल का?"

त्यांनी कागद जवळ ओढून घेतला. मला वाटलं भांडतील. भांडायला हवं होतं त्यांनी! एरवी चहात साखर कमी पडली तरी कँटीनवाल्याला सोडत नाहीत. पण त्या हळूच म्हणाल्या, "मला तर बंद केल्याचं आठवतंय. पण कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल? मग मीच विसरले असेन."

मेमो निघाला. त्यांनी सही केली. आणि सोमवारी स्वतःच अर्ज दिला, मला टाकीवरून काढा, पॅकिंगला घाला, माझा भरवसा राहिला नाही.

प्रज्वल, मी बघितलं तुला उठताना. बस खाली.

पुढचं मला तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत ठाऊक नव्हतं. आजच्या कार्यक्रमाचं आमंत्रण द्यायला मी त्यांच्या घरी गेलो होतो. ताई दुकानात गेल्या होत्या. शलाका म्हणाली, "काका, तुम्ही आईला काहीतरी सांगा ना." मी म्हटलं, काय झालं? तर त्या दिवसापासून बाईंनी स्वतःवरचा विश्वासच सोडला आहे. कुलूप लावून जिन्यापर्यंत येतात, परत वर जाऊन ओढून बघतात. परत खाली, परत वर. गॅस बंद केला का, हे शेजारणीला बघायला लावतात. विसरण्याचा आजार आहे म्हणून दोन डॉक्टर झाले. दोघेही म्हणाले तुम्हाला काहीही झालेलं नाही. तर ताई म्हणतात, त्यांना काय माहीत, त्यांनी ग्राफ कुठे बघितलाय!

शलाका, मी हे सगळ्यांसमोर सांगतोय, रागावू नकोस. शलाकाची नोकरी ठाण्याला. बाळ पाच महिन्यांचं. रजा संपत आली. घरात आता निवृत्त होणारी आजी असताना काळजी कसली, असंच कुणीही म्हणेल. पण आजी म्हणते, पाळणाघर बघ. "मी दूध गॅसवर ठेवून विसरले तर? बाळाला पलंगाच्या कडेला ठेवून विसरले तर?" नातवाला त्या मांडीवर घेतात, पण खोलीत दुसरं माणूस असेल तरच. शलाका पाणी आणायला उठली की या ओरडतात, "आधी याला घे!" पाळणाघराला शलाकाचं मन घेत नाही. तिने राजीनामा लिहून ठेवला आहे. सोमवारी देणार आहे.

मी चहा न पिता परत आलो. मला वाईट वाटलं, पण तेव्हाही माझ्या डोक्यात हेच होतं, की बिचाऱ्या ताई, खरंच विसरायला लागल्या. शप्पथ सांगतो, मला दुसरं काही सुचलंच नाही.

आता ऐका. ताईंना आज काय भेट द्यायची यावर ऑफिसात चर्चा झाली. मी म्हटलं, कॉम्प्युटरमध्ये आहेत तेवढ्या त्यांच्या हातच्या सगळ्या नोंदींची एक लांब रेघ काढू या आणि फ्रेम करून देऊ या. नवीन ट्रेनी आली आहे, वैदेही. ती म्हणाली, "सर, फ्रेमवर खाली तारखा हव्यात, नाहीतर आठवण कसली?" तारखा घालायच्या म्हणजे परत वेळेचं गणित आलं. मी दिवसाला किती ठिपके ते ठरवलं, शुक्रवार सोडून देणारी ओळ काढली आणि प्रोग्रॅम चालवला.

आणि तो कडा गायब!

मी म्हटलं, गेलं, काहीतरी बिघडलं. तीन दिवस मी चूक शोधत होतो. नव्या प्रोग्रॅममध्ये शोधत होतो, हे लक्षात घ्या. जुना तर बरोबरच होता, त्याच्यावर मेमो निघाला होता! वजाबाकी तपासली, भागाकार तपासला. घरी जेवताना ताटात बोटाने ठिपके काढायला लागलो, तेव्हा बायकोने माझं ताट उचललं. शेवटी मी दोन्ही रेघा शेजारी ठेवून वैदेहीला बोलावलं. म्हटलं, पोरी, मी वेडा झालोय की कॉम्प्युटर?

तिने बघितलं. म्हणाली, "सर, नवीन रेघेत गुरुवार संध्याकाळ दहा फूट. शुक्रवार सकाळ नऊ. शुक्रवार संध्याकाळ चार. शनिवार सकाळ तीन. म्हणजे रात्री एकेकच फूट गेलंय, नेहमीसारखं. पाच फूट गेलंय शुक्रवारी दिवसा." मग माझ्याकडे बघून विचारते, "शुक्रवारी कंपनीत कोण होतं?"

मी म्हटलं, कोणी नसतं शुक्रवारी. ती म्हणाली, "मग या दोन नोंदी कोणी लिहिल्या?"

मंडळी, तुम्हीच विचार करा. खरंच, कोणी लिहिल्या? चार वर्षं मी त्या टाइप करत होतो आणि चार वर्षं माझाच प्रोग्रॅम त्या फेकून देत होता. मी कधी विचारच केला नाही.

रजिस्टर काढलं. ताईंच्या सुंदर आकड्यांमध्ये दर शुक्रवारी दोन वेडेवाकडे आकडे. ते अक्षर गेटवरच्या कोंडाजींचं. कोंडाजी, उभे राहा जरा. राहा हो, लाजता काय! मी यांच्याकडे गेलो. म्हटलं, तुम्हाला टाकी बघायला कोणी सांगितलं? तर म्हणाले, "संध्याताईनीच सांगला व्हता. बोलली, दादा, सुक्रवारी मी नसतंय, सकाल-संध्याकाल नलीत बघून आकडा टाकशाल काय? मना आकडं येत नव्हतं, तिनीच शिकवलं."

म्हणजे बघा. आपण सगळे शुक्रवार विसरून गेलो होतो, ही एकटी बाई विसरली नव्हती. सुट्टीच्या दिवशीही टाकीवर कुणाची तरी नजर हवी, म्हणून तिने गेटवरच्या माणसाला आकडे शिकवले. आणि विसरभोळी कोण ठरली?

मी कोंडाजींना विचारलं, त्या शुक्रवारी पाच फूट पाणी गेलं कुठे? ते म्हणाले, "सायब, त्या रोजी नव्या शेडचा सलाब वतला नाय काय? लायनीला पानी नव्हता. कंत्राटदारानी टाकीलाच पायप लावला. मी आडवला, तं त्यानी शेठना फोन लावला. शेठ बोलले, घेऊ दे पानी." मी म्हटलं, अहो, मग मीटिंगच्या वेळी बोलला का नाहीत? तर म्हणतात, "मना कोनी इचारलाच नाय. मना वाटला, तुमाला ठावंच आसल."

शेठ, आता तुमच्याकडे वळतो. राग मानू नका. तुमच्या हाताखाली बावीस वर्षं काढली आहेत, तुमचं मीठ खाल्लं आहे. तुम्ही मुद्दाम लपवलं असं मी स्वप्नातही म्हणणार नाही. दिवसाला शंभर फोन येतात तुम्हाला. एक फोन आला, घेऊ दे म्हणालात आणि विसरलात. कोणीही विसरेल. पण शेठ, त्याची सही ताईंनी केली. काय म्हणता? … हां, स्लॅब. हो, तोच स्लॅब. आठवला ना? … शेठ म्हणतायत, "मेमो आज ही फाड़ो." ऐकलंत सगळ्यांनी. प्रज्वल, हे मात्र लिहून घे.

टाळ्या नकोत. मला अजून नीट कळलेलं नाही. खरंच सांगतो. मी रात्री अंथरुणात पडून तोच विचार करतो. त्या जुन्या रेघेत एकही आकडा खोटा नव्हता. दहा खरे, तीन खरे. बेरीज खरी, वजाबाकी खरी. प्रत्येक टिंब मी ठरवलेल्या जागीच पडलं होतं. मग सगळं खरं असताना ती रेघ खोटं कशी बोलली? वैदेही म्हणते, "सर, तुम्ही टिंबं बरोबर दिलीत, जागा चुकीची ठरवलीत." ती म्हणते तेव्हा पटतं. घरी गेलो की पुन्हा गोंधळ होतो. वय झालं असेल माझं. मीच डॉक्टरकडे जायला हवं!

हे ताईंना एकट्यात सांगायचं म्हणून मी तीनदा बदलापूरला त्यांच्या घरी गेलो. तिन्ही वेळा चहा प्यायलो, पोहे खाल्ले, हवापाण्यावर बोललो आणि परत आलो. तिसऱ्या वेळी ताई म्हणाल्या, "साहेब, तुम्हाला काही सांगायचं आहे का? की तुम्हीपण विसरलात?" आणि हसल्या. मी उठून चप्पल घातली. म्हणून आज चारचौघांत बोलतोय, कारण दोष चारचौघांत दिला होता.

पद्धतीप्रमाणे मी आता म्हणायला हवं की बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. बोलण्यातलं घाला. शेठना, प्रज्वलला, भाषण लिहून देणाऱ्या माझ्या बायकोला, सगळ्यांना हात जोडून विनंती आहे. पण ताई, त्या रेघेचं पोटात घालू नका. त्याबद्दल मला बोला. सकाळी तुम्ही 'भांडं चढवू नका' म्हणालात आणि मी ऐकलं नाही, दुपारी तुमच्याकडे बोट दाखवलं, आणि अडीच वर्षं तुम्ही कुलपं ओढत जिने चढलात. मी चुकलो. माझी मान खाली आहे.

काय ताई? … माइक द्या कोणीतरी त्यांना. नको? … बरं, मी सांगतो. मागच्यांना ऐकू आलं नसेल, त्या विचारतायत, "नक्की बंद होता?"

हो ताई. नक्की. थोडा जरी उघडा असता तर शुक्रवारी सकाळीच पाणी पार खाली गेलं असतं. कोंडाजींनी नऊ लिहिलंय. रजिस्टर मी घेऊन आलोय, हे घ्या, तुमच्या डोळ्यांनी बघा. गुरुवारी संध्याकाळी सातला तुम्ही व्हॉल्व्ह बंद केलात आणि मग घरी गेलात. तुम्हाला आठवत होतं ते बरोबर होतं.

अध्यक्षांचे, व्यासपीठाचे आणि एवढा वेळ भुकेल्या पोटी ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे मी मनापासून आभार मानतो. फक्त एक मिनिट, कोणी उठू नका. वैदेही, वर ये. ताईंच्या हातातला पुष्पगुच्छ घे, शाल आणि नारळही घे. त्यांचे दोन्ही हात मोकळे हवेत. शलाका, तूही ये, बाळाला घेऊन. दे त्यांच्याकडे. घाबरू नकोस, दे. आता तू खाली जा. नाही ताई, तिला थांबवू नका, जाऊ दे तिला. वैदेही, तूही उतर. शेठ, आपणही उतरू या. मावशी, हात द्या, पायरी आहे.

व्यासपीठावर आजी आणि नातू, दोघंच राहू द्या थोडा वेळ.